हॅमस्टरचा तयार ‘सुरुवातीचा संच’ : रोजच्या देखभालीच्या कसोटीवर

नव्याने हॅमस्टर पाळणाऱ्यांसाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानांत एक तयार संच विकला जातो. प्लास्टिकच्या तळावर बसणारा तारेचा पिंजरा, पळण्याचे चाक, लहानसे प्लास्टिकचे घर, पाण्याची बाटली, चिनी मातीची वाटी, मिश्र दाण्यांची आणि भुशाची एकेक पिशवी, घरट्यासाठी कापसासारख्या तंतूंचा पुंजका, क्षाराचा खडा, हॅमस्टरला आत घालून जमिनीवर सोडायचा पारदर्शक चेंडू आणि ‘रोजची देखभाल’ या मथळ्याची घडीपत्रिका, एवढे सारे एकाच खोक्यात मिळते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या या संचांत फारसा फरक नसतो, म्हणून कोणत्याही कंपनीचे नाव न घेता मी वापरून पाहिलेल्या संचाबद्दल येथे लिहीत आहे.

अशा संचाची पारख खोक्यावरच्या चित्रावरून होत नाही. हॅमस्टर साधारण दोन ते तीन वर्षे जगतो आणि तेवढा काळ त्याची काळजी रोज, न चुकता घ्यावी लागते. त्यामुळे मी दोनच प्रश्न समोर ठेवले. रोज करावयाची कामे या वस्तूंमुळे सोपी होतात का, हा पहिला. आणि ती कामे आटोपून आपण बाजूला झाल्यावर रात्रभर त्या प्राण्याला खणायला, पळायला आणि दाणे साठवायला येथे वाव मिळतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि माझ्या मते तोच प्रश्न मोठा आहे. माझ्याकडे सीरियन जातीची प्रौढ मादी असून संचातील ज्या वस्तू निर्धोक होत्या त्या तिच्या दिनक्रमात वापरून पाहिल्या. ज्यांचा धोका पाहताक्षणीच कळत होता त्या पिंजऱ्याबाहेरच तपासल्या.

घडीपत्रिकेचा विचार आधी करायला हवा, कारण नवखा माणूस तिच्यावरच विसंबून राहतो. तीत सकाळी खाणे द्यावे, दुपारी मुलांसोबत खेळवावे आणि रात्री पिंजरा झाकून ठेवावा असे वेळापत्रक छापले आहे. हे वेळापत्रक माणसाच्या सोयीचे आहे, हॅमस्टरच्या नव्हे. हा प्राणी दिवसा झोपतो, सायंकाळी जागा होतो आणि रात्री कामाला लागतो. दुपारी घरट्यातून उचलून बाहेर काढलेला हॅमस्टर चावला, तर त्यात त्याच्या स्वभावाचा काही दोष नसतो. गाढ झोपेत अचानक उचलले गेल्यावर कोणताही लहान प्राणी स्वतःचा बचाव करणारच. त्याची झोप रोज अशीच मोडत राहिली तर तो सतत ताणाखाली राहतो आणि माणसाच्या हाताची त्याला कायमची धास्ती बसते. म्हणून सगळी देखभाल सायंकाळी, तो आपणहून बाहेर आल्यानंतर आणि शक्यतो रोज ठरावीक वेळीच व्हावी. सकाळी बाटलीत पाणी आहे, पिंजऱ्याचे दार नीट लागलेले आहे आणि ऊन थेट पिंजऱ्यावर येत नाही, एवढे पाहिले तरी पुरते. लहान मुलांच्या घरी ही गोष्ट अवघड जाते, हे मान्य आहे. पण ज्या घरात सायंकाळनंतर कोणालाच वेळ नसतो त्या घराने हॅमस्टर आणण्याआधी पुन्हा विचार करावा.

सायंकाळच्या कामांना एक क्रम असला की सोपे जाते. आरंभी पिंजऱ्यात हात न घालता नुसते पाहावे : चाल सरळ आहे का, डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीच्या बुडाशी ओल दिसते का. मग पाणी बदलावे, आदल्या दिवशीची उरलेली भाजी काढावी, लघवीने भिजलेला कोपरा साफ करावा, हात धुवावेत आणि शेवटी खाणे द्यावे. हात धुण्याला येथे विशेष अर्थ आहे. हॅमस्टरची दृष्टी अधू असते आणि तो बहुतेक गोष्टी वासावरून ओळखतो. बोटांना खाण्याचा वास असेल तर तो बोटालाच खाद्य समजून दात लावतो. घडीपत्रिकेत याचा उल्लेख नाही.

या क्रमात संचातील दोन वस्तू खरोखर उपयोगी पडल्या आणि त्यांचे कौतुक करायलाच हवे. पहिली पाण्याची बाटली. तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा स्पष्ट आहेत, नळीच्या टोकाची गोळी सहज फिरते आणि तोंड रुंद असल्याने आतून ब्रश फिरवून शेवाळ काढता येते. हॅमस्टर दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे १० मिलिलिटर पाणी पितो. बाटलीवर खुणा असल्या की आज नेहमीपेक्षा कमी प्यायले गेले की अधिक, हे तत्काळ समजते, आणि दोन्ही गोष्टी आजाराची सूचना असू शकतात. बाटली भरल्यावर गोळीला बोट लावून पाणी येते की नाही हे मात्र रोज पाहावे. गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो.

दुसरी चांगली वस्तू म्हणजे चिनी मातीची वाटी. ती जड असल्याने उलटत नाही, कुरतडली जात नाही आणि धुवायला सोपी आहे. सगळे दाणे मात्र मी तिच्यात ठेवत नाही. थोडे वाटीत ठेवून बाकीचे भुशावर आणि भुशात विखरून टाकले की हॅमस्टर ते तासन्‌तास हुंगत, शोधत, गालपिशव्यांत भरत फिरतो. या गालपिशव्या थेट खांद्यांपर्यंत जातात आणि त्या भरून नेऊन बिळात रिकाम्या करणे हेच त्याचे रात्रीचे मुख्य काम असते. त्यामुळे वाटी रिकामी दिसली म्हणजे त्याने सगळे खाल्ले असे समजू नये. त्याचा साठा कोठे आहे हे माहीत करून घ्यावे, त्यातली कुजणारी ओली भाजी तेवढी काढावी आणि कोरडे दाणे जागच्या जागी राहू द्यावेत. साठा रोज उपसून टाकणे हे त्याच्या दृष्टीने घर लुटण्यासारखेच आहे.

संचातील खाद्याबद्दल मत तितके चांगले नाही. पिशवीत सूर्यफुलाच्या बिया आणि रंगीत, गोड तुकडे फार आहेत. हॅमस्टर त्यातले चरबीयुक्त तेवढे आधी निवडून खातो आणि बाकीचे टाकतो, त्यामुळे पिशवीवर छापलेले पोषणमूल्य त्याच्या पोटात जातेच असे नाही. प्रौढ सीरियन हॅमस्टरला दिवसाला सुमारे १० ते १५ ग्रॅम कोरडे खाद्य पुरते आणि त्यात प्रथिनांचे प्रमाण १६ ते २० टक्के असावे. बुटक्या जातींना त्याहून बरेच कमी लागते, आणि त्यांच्यापैकी काहींत, विशेषतः कॅम्पबेल जातीत, मधुमेहाची प्रवृत्ती असल्याने गोड फळे व गोड तुकडे त्यांच्यासाठी टाळलेलेच बरे. काकडी, ब्रोकोली, गाजराची चकती यांचा नखाएवढा तुकडा अधूनमधून द्यावा. कांदा, लसूण, चॉकलेट, लिंबूवर्गीय फळे आणि सफरचंदाच्या बिया अजिबात देऊ नयेत.

आता पिंजऱ्याकडे वळतो, कारण या संचाचा सर्वांत मोठा दोष तेथे आहे. प्लास्टिकचा तळ जेमतेम बोटभर भुसा मावेल इतका उथळ आहे. थोडा अधिक भुसा भरला तर पहिल्याच रात्री तो तारांमधून बाहेर येतो. हॅमस्टर हा मुळात बिळात राहणारा प्राणी आहे. १९३० मध्ये सीरियातील अलेप्पोजवळच्या एका शेतातील बीळ खणून काही पिल्ले पकडण्यात आली आणि आज घरोघरी असलेल्या सीरियन हॅमस्टरांपैकी बहुतेकांचा वंश त्या एका बिळापर्यंत पोहोचतो. त्याच प्रदेशात पुढे संशोधकांनी रानटी हॅमस्टरांची बिळे मोजली, तेव्हा ती ३६ ते १०६ सेंटीमीटर खोल निघाली. इतक्या खोल जमिनीत राहणाऱ्या प्राण्याला बोटभर भुसा देणे म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या गरजेकडे पाठ फिरवणे होय.

या गरजेला आधारही आहे. सीरियन हॅमस्टरांना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर खोलीच्या भुशात ठेवून केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० सेंटीमीटर भुशावरचे प्राणी पिंजऱ्याच्या तारा लक्षणीयरीत्या अधिक कुरतडताना आढळले. तारा कुरतडणे याला अनेक जण ‘दात झिजवणे’ किंवा ‘खोड’ म्हणतात, परंतु ते बहुधा कोंडमाऱ्याचे लक्षण असते. ८० सेंटीमीटर भुसा प्रत्येक घरी शक्य नाही, हे खरे. निदान २५ ते ३० सेंटीमीटर तरी असावा, म्हणजे बोगदे ढासळत नाहीत आणि प्राण्याला झोपण्याची, साठवण्याची जागा वेगवेगळी करता येते. त्यासाठी उंच काचेची किंवा प्लास्टिकची टाकी आणि तिच्यावर हवा खेळेल असे जाळीचे झाकण ही व्यवस्था या तारेच्या पिंजऱ्याहून कितीतरी चांगली ठरते. मोकळी जमीन किमान १०० सेंटीमीटर लांब आणि ५० सेंटीमीटर रुंद मिळावी असे मी म्हणेन. संचातील पिंजऱ्याची जमीन याच्या निम्मीही भरत नाही, आणि वरचे दोन मजले दाखवून ती उणीव भरून निघत नाही; उंचीचा अंदाज न येणाऱ्या या प्राण्याला वरच्या मजल्यावरून पडण्याचा धोका मात्र वाढतो.

भुशाची पिशवी उघडताच देवदाराचा दरवळ आला. माणसाला तो वास आवडतो. ज्याचे नाक सतत त्या भुशातच असते त्या हॅमस्टरच्या श्वसनमार्गाला मात्र देवदार आणि पाइन या लाकडांतील सुगंधी तेले त्रासदायक ठरतात. त्याऐवजी कागदापासून तयार केलेले, बिनवासाचे बेडिंग किंवा अ‍ॅस्पेन लाकडाचा धूळ काढलेला भुसा घ्यावा. त्यात गवताच्या काड्या मिसळल्या की बोगदे अधिक टिकतात.

चाकाची गोष्ट भुशाइतकीच गंभीर आहे. हॅमस्टर एका रात्रीत चाकावर काही किलोमीटर पळतो, म्हणजे चाक ही त्याच्या आयुष्यातील सर्वाधिक वापराची वस्तू. संचातील चाकाचा व्यास मी मोजला, तो १४ सेंटीमीटर भरला. सीरियन हॅमस्टर स्वतःच सुमारे तेवढा लांब असतो. अशा चाकात पळताना त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते आणि रोज तासन्‌तास तशी वाकून राहिल्याने मणक्याला अपाय होतो. शिवाय या चाकाची धाव आडव्या सळ्यांची आहे. सळ्यांच्या मधून पाय अडकून मोडण्याची भीती असते. सीरियनसाठी २८ सेंटीमीटरच्या आसपास आणि बुटक्या जातींसाठी २० सेंटीमीटरच्या आसपास व्यासाचे, सलग पृष्ठभागाचे चाक लागते. पळताना पाठ सरळ राहते की नाही, ही त्याची साधी परीक्षा आहे. चाक बसवल्यावर त्याचा आस रोज हलवून पाहावा आणि लघवीने चिकट झालेली धाव ओल्या फडक्याने पुसावी. आपल्या झोपेच्या खोलीत पिंजरा असेल तर चाकाचा आवाज हा किरकोळ मुद्दा राहत नाही. वैतागून रात्री चाक काढून घेणारी माणसे असतात, आणि त्यापेक्षा सुरुवातीलाच आवाज न करणारे चाक घेणे दोघांच्याही हिताचे आहे.

उरलेल्या वस्तूंबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल. कापसासारखे तंतू पिंजऱ्यात मुळीच घालू नयेत, कारण ते पायाला गुंडाळून रक्तप्रवाह थांबवतात आणि गिळले गेल्यास आतड्यात अडकतात. सुगंध नसलेला साधा टिश्यूपेपर फाडून टाकला तर हॅमस्टर त्याचेच उत्तम घरटे करतो. क्षाराच्या खड्याची संतुलित आहार घेणाऱ्या प्राण्याला गरज नाही. प्लास्टिकच्या घराला तळ आहे आणि हवा फिरत नाही, त्यामुळे आत बाष्प साठते. बिनतळाचे लाकडी घर भुशावर ठेवले तर त्याखालून बोगदे काढता येतात आणि छप्पर उचलून आपल्यालाही पाहता येते. पारदर्शक चेंडूला माझा विरोध आहे. आत कोंडलेल्या प्राण्याला वास कळत नाही, मिशांनी अंदाज घेता येत नाही, हवा कमी मिळते, नखे फटीत अडकतात आणि हवे तेव्हा थांबून लपता येत नाही. चेंडू जोरात पळतो तेव्हा आपण हसतो, पण ती धाव बहुधा घाबरलेल्याची असते. त्याऐवजी जमिनीवर उंच कडांचे कुंपण करून, आत पुठ्ठ्याच्या नळ्या आणि लपायला खोके ठेवून, शेजारी बसून त्याला फिरू द्यावे.

संचात नसलेली आणि असायलाच हवी होती अशी एक वस्तू म्हणजे वाळूचे भांडे. हॅमस्टरला पाण्याने आंघोळ कधीही घालू नये. त्याने अंगावरचे तेल निघून जाते आणि तो गारठतो. स्वच्छ, कोरड्या, धूळरहित वाळूत लोळून तो आपले केस स्वतः साफ ठेवतो. चिंचिला या दुसऱ्या पाळीव प्राण्यासाठी मिळणारी बारीक पूड मात्र फुप्फुसात जाते, ती घेऊ नये. वाळूचे भांडे ठेवल्यावर बरेच हॅमस्टर लघवीसाठी तेच निवडतात, आणि मग रोजची साफसफाई म्हणजे गाळणीने भिजलेले गोळे उचलणे एवढीच उरते.

स्वच्छतेविषयी घडीपत्रिका सांगते की दर आठवड्याला पिंजरा पूर्ण रिकामा करून साबणाने धुवावा. इतक्या छोट्या पिंजऱ्यात तशी वेळ येते, हे खरे. पण हे त्या पिंजऱ्याच्या आकाराचे परिणाम आहेत, हॅमस्टरची गरज नव्हे. वासावर जगणाऱ्या प्राण्याला आठवड्याला एकदा पूर्णपणे परक्या घरात सोडल्यासारखे होते आणि तो अधिक अस्वस्थपणे, अधिक ठिकाणी खुणा करत फिरतो. मोठ्या टाकीत खोल भुसा असेल तर रोज ओला कोपरा काढावा, काही आठवड्यांनी सुमारे एक तृतीयांश भुसा बदलावा आणि घरटे व साठा यांच्या भोवतीचा जुना कोरडा भुसा मुद्दाम तसाच ठेवावा.

प्रकृतीच्या तपासणीबद्दल घडीपत्रिकेत एकच वाक्य आहे : आजारी वाटल्यास पशुवैद्याकडे जावे. एवढ्याने भागत नाही, कारण हॅमस्टर आजार शेवटपर्यंत लपवतो. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, वाटीत बसवून, त्याचे वजन घ्यावे आणि लिहून ठेवावे. घटते वजन डोळ्यांना दिसण्याच्या आधी काट्यावर दिसते. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून ते सरळ आणि सारख्या लांबीचे आहेत का हे पाहावे. त्यांचा पिवळसर नारिंगी रंग नैसर्गिक आहे. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर असणारे गडद डाग म्हणजे गंधग्रंथी असतात, त्या जखमा नव्हेत. मादीला दर चार दिवसांनी पांढरट स्राव होतो आणि वासही येतो, तोही आजार नव्हे. मात्र शेपटीभोवती पातळ विष्ठेची ओल, पाठीला कुबड, खाणे बंद आणि निपचित पडून राहणे ही चिन्हे दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. ‘वेट टेल’ म्हणून ओळखला जाणारा आतड्यांचा आजार, विशेषतः नुकत्याच आईपासून वेगळ्या झालेल्या आणि नव्या घरी आलेल्या पिल्लांमध्ये, एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. घरात उरलेली प्रतिजैविके स्वतःच्या मनाने देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील औषधे हॅमस्टरच्या आतड्यातील जिवाणूंचा समतोल बिघडवून त्याचा प्राण घेऊ शकतात. लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आजार होण्याआधीच शोधून ठेवावा.

खोलीचे तापमान २० ते २४ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहील असे पाहावे. ते ५ अंशांच्या आसपास उतरले तर सीरियन हॅमस्टर शीतनिद्रेत जाऊ शकतो. त्याचे अंग थंड पडते, श्वास जाणवेनासा होतो आणि तो मेला असे वाटते. अशा वेळी त्याला हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्याला विचारावे.

खोक्यावरच्या चित्राबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. त्यात एकाच पिंजऱ्यात दोन सीरियन हॅमस्टर शेजारी शेजारी बसलेले दाखवले आहेत. प्रौढ सीरियन हॅमस्टर एकटाच राहतो. रानातही एका बिळात एकच प्रौढ प्राणी सापडतो. दोघांना एकत्र ठेवले तर रक्तबंबाळ होईपर्यंत मारामारी होते आणि एकाचा जीवही जाऊ शकतो. ‘सर्व जातींसाठी उपयुक्त’ हा दावाही टिकत नाही, कारण तारांमधील अंतर इतके आहे की रोबोरोव्हस्कीसारखा २०-२५ ग्रॅमचा हॅमस्टर त्यातून निसटू शकेल. कंपन्यांनी दुसरे काही बदलले नाही तरी हे चित्र आणि हा दावा तरी बदलायला हवा.

माझा सल्ला असा की हा संच पूर्ण घेऊ नये. बाटली आणि वाटी सुटी मिळतात, त्या घ्याव्यात, आणि उरलेला खर्च मोठी टाकी, योग्य चाक आणि भरपूर बेडिंग यांवर करावा. संच आधीच घरात आला असेल तर त्यातील पिंजराही वाया जात नाही. टाकीतला भुसा बदलताना हॅमस्टरला थोडा वेळ ठेवायला आणि पशुवैद्याकडे नेताना, तळाशी त्याच्याच घरट्यातला जुना भुसा घालून व वरून पातळ कापड टाकून, तो चांगला उपयोगी पडतो. तेवढ्या वेळापुरते त्यातले चाक आणि वरचे मजले काढून ठेवावेत.